गोदूबाई घरत यांना कुणी मारलं?

१

"मॅडम, या पेशंट वारलेल्या आहेत."

मिताली हे म्हणाली तेव्हा वारलेल्या पेशंट स्ट्रेचरवर पडून वॉर्डबॉयच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. त्याने वळणावर स्ट्रेचर भिंतीला आपटलं होतं, आणि खुबा मोडलेल्या बाईला असा दणका देणाऱ्याला सोडायचं हे गोदूबाई घरतच्या रक्तात नव्हतं.

शशिकला गद्रेने काउंटरवर दोन्ही हात टेकले. "पुन्हा म्हण."

"मी नाही म्हणत मॅडम, सिस्टिम म्हणते." मिताली हॉस्पिटलात सरकारी योजनांची कामं बघणारी आरोग्यमित्र, पोरसवदा मुलगी. तिने स्क्रीन शशिकलाकडे वळवला. "सत्तरीच्या कार्डासाठी आधार टाकलं की पुढे सरकतच नाही. आधार बंद झालंय. कारण दिलंय, धारक मयत."

"ती शिव्या देतेय त्या ऐकू येतायत ना तुला?"

"येतायत."

"मग मयत कोण?"

स्ट्रेचरवरून आवाज आला, "कोन मेलं गं शशीबाय?"

"तू," शशिकला म्हणाली.

गोदूबाईची दातखीळ बसली. तीस वर्षांच्या ओळखीत शशिकलाने तिला अशी मुकी झालेली पाहिली नव्हती. मग तिने हळूच विचारलं, "कवा?"

"गेल्या उन्हाळ्यात," मिताली म्हणाली. आणि मग आवाज खाली आणून, जणू स्वतःलाच धाक वाटत असावा तशी, पुढे म्हणाली, "मॅडम, हे आपोआप झालेलं नाही. इथे नोंद दिसतेय. घरातल्याच कुणीतरी कळवलंय."

२

शशिकला सरकारी विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागातून निवृत्त झाली होती. मानेला पट्टा बांधून येणारे आणि संध्याकाळी लग्नात नाचणारे, असले नग पकडण्यात तिचं आयुष्य गेलं. तिचा राग इतकी वर्षं पगारी होता. निवृत्त झाल्यापासून तो फुकट वाटावा लागत होता, आणि नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीत तो सगळ्यांच्या वाट्याला येऊन गेला होता.

गोदू तिच्या दारात पहिल्यांदा आली ती डोक्यावर पाटी घेऊन, सुकट आणि मीठ विकायला. गव्हाणची. नवरा काशीराम मिठागरात, तीही मिठागरात. पुढे मिठागरं गेली, शेतं गेली, तिथे विमानं उतरायची तयारी झाली, काशीरामही गेला. गोदूचं विकणं थांबलं, येणं थांबलं नाही. मूलबाळ नव्हतं. दीर कमळाकरच्या अंगणात मागच्या खोलीत ती तिच्या कोंबड्यांसह राहायची. तिच्या मालकीचं म्हणून उरलं होतं एवढंच: उलव्यात जमिनीच्या मोबदल्यात दोघा भावांच्या नावे मिळालेल्या प्लॉटमधला काशीरामचा हिस्सा. बिल्डर तिच्या सहीसाठी गूळ-खोबरं घेऊन फिरत होते. गोदू म्हणायची, "मालकाची येवढीच जागा राहली. ती मी मेल्यावर न्या."

शब्द मनावर घेणारं कुणीतरी भेटलं होतं, असं दिसत होतं.

दसऱ्यानंतर शशिकलाने तिच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू एका धर्मादाय दवाखान्यात काढून आणले होते. नवी नजर मिळालेली गोदू तरण्या पोरीसारखी हिंडायला लागली आणि काल अंगणात कोंबडीमागे धावताना पडली.

डॉक्टर स्पष्ट बोलले. "ऑपरेशन याच आठवड्यात व्हायला हवं. या वयात नुसतं पडून राहिलं की छाती भरते, पाठीला जखमा होतात. उशीर केलात तर मी हाड जोडेन, पण बाई पुन्हा उभी राहणार नाही."

शशिकलाच्या अंगाची लाही लाही झाली. कारण कार्डाचं ती आजच सांगत नव्हती. योजना आल्यापासून ती ओळखीच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या मागे लागली होती. सत्तरी ओलांडली की गरीब-श्रीमंत कुणी विचारत नाही, वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांपर्यंतचा उपचार फुकट होतो. पण हातीपायी धड आहात तोवर काढा, हॉस्पिटलच्या दारात धावपळ नको. वरातीमागून घोडं आणून कुणाचं लग्न लागलंय? कमळाकरला तर तिने चारदा सांगितलं होतं. तो हात जोडून म्हणाला होता, "ताई, एकट्या वयनीचं कशाला, अख्ख्या गावाचं काढतो. कॅम्पच लावतो." आणि श्रावणात खरंच लावला होता. गव्हाणच्या सगळ्या म्हाताऱ्यांचं कार्ड निघालं. कमळाकरच्या वहिनीचं तेवढं नव्हतं.

वॉर्डाबाहेर कमळाकरचा मुलगा प्रणित उभा होता. जाडजूड, दाढीवाला, कायम कुणाला तरी मारायला निघाल्यासारखा.

"मोठ्या आईचं कार्ड का नाही काढलं?" शशिकलाने थेट विचारलं.

"तुमी कोन इचारनाऱ्या? आमच्या घरचा मामला हाय."

"तुझ्या घरातल्या कुणीतरी तिला कागदावर मारलंय. आता हा पोलिसांचा मामला आहे."

प्रणितचे डोळे लाल झाले. "बाप म्हनाला कार्ड झालंय. मी काय दर वेलेला तपासत बसू?" आणि त्याने भिंतीवर मूठ आपटली. राग खरा होता. पण रागाने गुन्हेगारही लाल होतो आणि निर्दोषही, हे शशिकलाला नोकरीने शिकवलं होतं.

तेवढ्यात पांढऱ्या कडक कपड्यांत, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन कमळाकर आला. वय चौसष्टच्या आसपास, बोलणं साजूक तुपातलं. 'मयत' हा शब्द ऐकताच त्याने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! त्या कावल्यांनी घात केला!"

३

"ताई, तुमी कोकनातल्या, तुमाला सांगायला नको," बाकावर बसत कमळाकर म्हणाला. "कावल्यांची जोडी लागलेली दिसली तर काय होतं?"

शशिकलाला माहीत होतं. तिची आत्या दापोलीकडची. कावळ्यांचा संग नजरेस पडला की पाहणाऱ्यावर मरण येतं म्हणायचे. उतारा एकच: ज्याने पाहिलं तो मेला अशी खोटी बातमी जिवलगांना धाडायची. ते रडले की मरण फसतं. मग खरं सांगायचं, तोंड गोड करायचं.

"वैशाखात एका सकाली वयनी माझ्याकडे आली," कमळाकर सांगू लागला. "थरथर कापत. म्हनाली, कमला, समोरच्या आंब्यावर कावले पायले रे. मी म्हनालो, घाबरू नको, मी बघतो. सूनबाईला सांगितलं, नातेवाईकांच्या ग्रुपवर टाक, मोठी आई गेली. पावनेमंडली रडली. सांजेला सगल्यांना खरं कलवलं. वयनीला मातर काय बोललो नाय, जिच्या नावानं बातमी धाडली तिच्या कानावर गेलं तर उतारा फुकट जातो. आता त्या बातमीवर कोनी तरी नोंद केली असल. गावातल्या सगल्यांचे आधार त्या विश्वजीतच्या सेवा केंद्रात पडलेत. येड्यानं माझ्या आधारावरून दाबलं असल बटन."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मागे उभ्या असलेल्या त्याच्या सुनेने, प्राचीने, मान हलवली. "हो काकू. मेसेज मीच टाकला होता. बाबांनी सकाळी उठवून सांगितलं."

कागद घेऊन आलेल्या मितालीनेही सुस्कारा टाकला. म्हणजे चूकच झाली म्हणायची. श्रद्धेपोटी झालेली, भोळी चूक. त्यावर कुणी काय रागवायचं?

पण शशिकलाचा राग उतरायला तयार नव्हता.

"आणि कॅम्प?" तिने विचारलं. "अख्खं गाव कॅम्पला होतं. गोदू कुठे होती?"

"एकवीरेला," प्राचीच म्हणाली, अगदी कौतुकाने. "बाबांचा नवस होता. ते स्वतः कॅम्पच्या गडबडीत, म्हणून मोठ्या आईंना आपल्या गाडीतून पाठवलं. ड्रायव्हरसकट. किती करतात बाबा त्यांचं!"

कमळाकरने नम्रपणे मान खाली घातली. शशिकला मात्र त्या खाली घातलेल्या मानेकडे बघत राहिली. गावभरच्या म्हाताऱ्यांना मांडवात आणणारा माणूस त्याच दिवशी घरची म्हातारी डोंगरावर धाडतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं होतं कधी कधी. तिच्या नोकरीत मात्र फांदी आधीच कापून ठेवलेली निघायची.

"गोदूचे कपडे आणायला गव्हाणला जाते," ती उठत म्हणाली. "प्राची, तू चल माझ्याबरोबर."

४

गोदूच्या खोलीत दोन लुगडी, काशीरामचा फोटो आणि डोळ्यांच्या थेंबांची बाटली होती. शशिकलाने कपडे पिशवीत भरले आणि ती बाहेर आली. अंगणात कोंबड्या तिच्या पायांत आल्या. त्यांचं खुराडं पावसापासून झाकायला वर एक जाड प्लास्टिक टाकलेलं होतं, पांढरी बाजू वर. चारही कोपऱ्यांना धातूच्या रिंगा, त्यांत अजून तारेचे तुकडे.

रिंगा आणि तार म्हणजे फ्लेक्स. पनवेलपासून उरणपर्यंत प्रत्येक खुराडं, प्रत्येक गोठा असल्याच फ्लेक्सखाली नांदतो. वर नेते हसतात, खाली कोंबड्या अंडी घालतात. पण लोक छापील बाजू वरच ठेवतात. ही कुणी मुद्दाम खाली केली होती?

तिने कोपरा धरून उलटला आणि कोंबड्या फडफडत पळाल्या.

गोदूचा फोटो. डोक्यावर पदर, भोवती फुलांचा हार. भावपूर्ण श्रद्धांजली. खाली, शोकाकुल: श्री. कमळाकर घरत व समस्त परिवार.

"प्राची! हे काय?"

प्राची जवळ आली. "अगं बाई, हा अजून आहे? नाक्यावर लावला होता त्या दिवशी. संध्याकाळी बाबांनीच उतरवला."

"तू तर फक्त मेसेजचं बोललीस."

"मी मेसेजच टाकला. फ्लेक्स बाबांनी लावला. बाबा म्हणाले अपशकुन मोठा आहे, नुसत्या मेसेजने भागणार नाही."

"किती वाजता लागला?"

"वेळ नाही सांगता येणार. पण मी मेसेज टाकून अंघोळ करून कामावर निघाले ना, तेव्हा नाक्यावर होता. मला तर दचकायला झालं. बाबांनी एकदोघांना त्याच्यासमोर उभं करून फोटोपण काढले."

"फोटो कशाला?"

प्राचीने खांदे उडवले. तिला कधी प्रश्नच पडला नव्हता. सासरा देवमाणूस असला की सुनांना प्रश्न पडत नाहीत.

तिथून शशिकला उलव्याला विश्वजीतच्या सेवा केंद्रात गेली. चहूकडे इमारतींची कामं, धूळ, आणि त्या धुळीत त्याचं टपरीएवढं दुकान. विश्वजीत तिशीतला, घामेजलेला. कमळाकरचं नाव काढताच तो उसळला.

"माझ्यावर ढकललं? म्याडम, मी लोकांचे आधार ठेवत नाय. ओटीपी ज्याच्या मोबाईलवर, काम त्याचं. शेठ स्वतः आले होते, कंप्युटर मागितला, म्हणाले खासगी आहे, तू बाहेर चहा पी. मी प्यायलो. कॅम्पपासून त्यांचे सगळे फ्लेक्स मीच करतो, गिऱ्हाईक मोठं. नाय कसं म्हणू?"

"फ्लेक्स इथेच छापतोस?"

"मशीन कुठे परवडतंय? मी फक्त डिझाइन करतो. छापायला पळस्प्याला पाठवतो. आज दिलं की उद्या येतं. सगळ्यांना घाई असते, पण पळस्प्याचा माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाय."

शशिकला पायरीवर थांबली. काहीतरी टोचत होतं. ते काय आहे ते मात्र अजून हाताला लागत नव्हतं.

५

सकाळी प्रभाकर बाल्कनीत चहा पीत बसला होता. शशिकलाचा नवरा, एकाहत्तर पूर्ण. त्याचंही कार्ड निघालं नव्हतं. तो म्हणायचा, "काढू गं सावकाश, मला काय धाड भरलीय?" आणि घरात रोज एकदा या विषयावर भांडी आपटत.

"शशी, ते बघ, कठड्यावर खारूताई आलीय."

शशिकलाने पाहिलं. कठड्यावर कावळा बसला होता. चांगला काळाकुट्ट, गलेलठ्ठ.

"चष्मा कुठे आहे तुमचा?"

"शोधतोय तोच सकाळपासून."

चष्मा डोक्यावर होता. शशिकलाने तो त्याच्या नाकावर बसवायला हात उचलला आणि हात तसाच हवेत राहिला.

"वैशाख," ती म्हणाली.

"काय वैशाख?"

"वैशाखात गोदूला ताटातला भात दिसत नव्हता! माझ्या दारात येऊन मलाच 'शशीबाय हाय का घरात' विचारायची! मोतीबिंदू काढला दसऱ्यानंतर! तिला आंब्यावरचे कावळे दिसले? आंबा दिसला असता तरी मी पेढे वाटले असते!" तिचा आवाज एवढा चढला की कठड्यावरचा कावळा उडून गेला. "आणि तो फ्लेक्स! अहो, सकाळी कावळे दिसले म्हणतो आणि सकाळीच फ्लेक्स नाक्यावर! पळस्प्याहून छापून यायला एक दिवस लागतो! अपशकुन व्हायच्या आधी उतारा छापायला कोण टाकतो?"

प्रभाकर चहा विसरला. "ज्याला अपशकुन ठरवून घडवायचा आहे तो."

"नीच माणूस," शशिकला म्हणाली. "नीच, नीच, नीच माणूस. उठा. चष्मा घाला. आधार घ्या बरोबर. तिथे मी त्याची सालटी काढेपर्यंत तुम्ही मितालीसमोर बसून आपलं कार्ड काढायचं. सावकाश म्हणालात तर आज माझ्यासारखी वाईट नाही."

प्रभाकर निमूट उठला.

६

दुपारच्या भेटीच्या वेळेत सगळे गोदूच्या खाटेभोवती जमले. प्रणित, प्राची, कमळाकर, आणि शशिकलाने फोन करून बोलावलेला विश्वजीत. गोदू उशीला टेकून पडली होती. पायाला वजन लावलेलं, चेहरा ओढलेला. एका दिवसात ती आणखी म्हातारी झाली होती, आणि ते बघून शशिकलाचं रक्त आणखी तापलं.

"गोदू, एकच विचारते. वैशाखात तू आंब्यावर कावळ्यांची जोडी पाहिलीस?"

"मी?" गोदू हसली, हसताना कळवळली. "मना तवा हाताची बोटं दिसत नव्हती. कावले कुठचे?"

"वयनीला आठवत नसल," कमळाकर हळूच म्हणाला. "वय झालं..."

"गप्प बसा!" शशिकला एवढ्याने ओरडली की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. "कावळे कुणीच पाहिले नाहीत. तिने नाही, तुम्हीही नाही. वहिनी मेल्याचा फ्लेक्स तुम्ही आदल्याच दिवशी टाकलात. विश्वजीत, खरं की खोटं?"

विश्वजीतने घाम पुसला. "खरं. मला म्हणाले घरात गमी झालीय. दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः पळस्प्याहून घेऊन गेले. नंतर कळलं की आजी जिवंत आहेत, तर म्हणाले कावळ्याचा उतारा होता. मोठी माणसं, मी काय बोलणार?"

"उतारा म्हणून सुनेने मेसेज टाकला, पाहुणे रडले. त्या रडण्याचे आणि फ्लेक्सचे फोटो झाले. गावात घरी वारलेल्या म्हातारीची नोंद करायला आणखी काय लागतं? दोन साक्षीदार आणि एक ओळखीचा कारकून. मग विश्वजीतच्या कंप्युटरवरून तिचं आधारही बंद केलंत, प्लॉटच्या कागदांत ती कुठे जिवंत निघू नये म्हणून. कुणी पुढे विचारलंच तर उत्तर तयार: चूक झाली हो, कावळ्यांमुळे. देवाधर्माच्या आडून गळा कापलात! वहिनीला मूल नाही. ती मेली की काशीरामचा हिस्सा तुमचा, मग बिल्डरला सही द्यायला कोण अडवणार? एकच धास्ती होती. कॅम्पमध्ये तिचं आधार टाकलं असतं तर गावासमोर बिंग फुटलं असतं. म्हणून नवस. म्हणून गाडी. ज्या कार्डावर आज तिचं हाड जोडलं गेलं असतं ते मिळू नये म्हणून तुम्ही तिला देवीच्या पाया पडायला पाठवलंत!"

प्रणितने बापाची कॉलर धरली.

"तुमी मना सांगितलं कार्ड झालंय," तो म्हणाला. त्याचा आवाज आता लहान पोरासारखा फाटला होता. "आय गेल्यावर हिनं मना भरवलं. तुमी हिला...?"

"दोन वरसं बिल्डर थांबला होता," कमळाकर पुटपुटला. "ती कायमची मेली असती का त्यानं? नुसता कागद. नंतर केलं असतं सरल. ती पडल असं कोनाला वाटलं?"

"सोड त्याला, प्रणित," गोदू म्हणाली.

प्रणितने सोडलं. गोदूने दिराकडे पाहिलं. नव्या, स्वच्छ डोळ्यांनी.

"कमला. मी लगीन करून आले तवा तू शेंबूड पुसायला माझा पदर शोधायचास."

कमळाकर खाटेपाशी बसला आणि हुंदके देऊ लागला. "वयनी, माफ कर. पोलिसात नको. माझी अब्रू जाईल."

"गोदू, मी फोन लावते," शशिकला म्हणाली.

"नाय."

"काय नाय? याला सोडायचं?"

"बाय, तू वरडू नको. माझं डोकं दुखतं." गोदूने दिराच्या डोक्यावर हात ठेवला. मिठाने खाल्लेला, खडबडीत हात. "तूच मारलंस ना मना? मग तूच जित्ती कर. जा. लिवून दे त्यांना, काय लिवायचं ते. हात जोड, पाया पड. डाक्तरची येल टलायच्या आत मना जित्ती कर."

कमळाकरने तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तो धावत बाहेर गेला. शशिकला मात्र इतकी संतापली की गोदूचा निरोपही न घेता निघून गेली. अशी माणसं माफ करतात म्हणूनच तशी माणसं सोकावतात, असं ती प्रभाकरला रस्ताभर ऐकवत राहिली. नव्याकोऱ्या कार्डाचा मालक खिडकीबाहेर बघत ऐकत राहिला.

७

कमळाकर खरंच राबला. मृत्यू चुकीने कळवल्याचं त्याने लिहून दिलं, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, ज्यांना कधी नमस्कार केला नव्हता त्यांच्यापुढे वाकला. आठवडा संपत आला तेव्हा आधार कार्यालयाचा एक माणूस यंत्र घेऊन वॉर्डात आला. मयत बाईने स्वतः हजर राहून आपण आपणच आहोत हे दाखवायचं होतं.

शशिकलाही आली होती, पण तोंड फुगवून कोपऱ्यात उभी.

गोदूने अंगठा टेकवला. यंत्राने नकार दिला. दुसरं बोट, तिसरं, दुसरा हात. नकार, नकार, नकार. जन्मभर मीठ ओढून तिच्या बोटांवरच्या रेघा कधीच पुसल्या गेल्या होत्या. कमळाकरचा चेहरा पांढरा पडला.

"डोळे बघा तिचे," कोपऱ्यातून शशिकला गुरगुरली. "दसऱ्यानंतर ते चांगले झालेत."

यंत्र गोदूच्या डोळ्यांसमोर धरलं. तिने पापणी न हलवता त्यात पाहिलं. हिरवा दिवा लागला.

मितालीने भराभर पुढचं केलं. थोड्या वेळाने तिने छापलेलं कार्ड गोदूच्या हातात ठेवलं. डॉक्टरांनी उद्या सकाळची वेळ दिली. प्राची रडायला लागली, प्रणितने तोंड फिरवलं. कमळाकरने कपाळावरचा घाम पुसला आणि कित्येक दिवसांनी तो हसला.

"झालं ना वयनी? सगलं मिटलं."

गोदूने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग मितालीला विचारलं, "पोरी, आता मी जित्ती ना?"

"हो आजी."

"सरकारातपन?"

"सरकारातपण."

"पक्की?"

"अगदी पक्की."

"बरं झालं." गोदूने कार्ड उशीखाली सारलं आणि दिराकडे पाहिलं. "मेलेल्या बाईची तक्रार कोन लिवून घेतो रे, कमला? म्हनून थांबले होते. शशीबाय, बोलव पोलिसांना."

कमळाकरचं हसू तसंच ओठांवर राहिलं. शशिकलाने फोन आधीच कानाला लावला होता.